मोफत वीज तपासणी आणि लाइट बिलाची मदत : खालच्या काकूंच्या घरचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

कमी उत्पन्न असलेल्या घरांसाठी एक मोफत सेवा आहे, त्यांचा माणूस घरी येतो, लाइट बिल वाचून समजावून सांगतो, कुठलं उपकरण किती वीज खातं ते मोजून दाखवतो, आणि बिल थकलेलं असेल तर मदतीचा फॉर्म भरायला आणि हप्ते पाडून घ्यायला सोबत करतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंसाठी मी ती मागवली होती. संस्थेचं नाव टाकत नाहीये, कारण अशा सेवा ठिकठिकाणी वेगवेगळ्या नावाने चालतात आणि मला बोलायचंय ते कामाबद्दल. चार स्टार दिलेत, पाचवा का नाही तेही खाली लिहिलंय. लांबलचक झालंय पण ज्यांच्या घरी बिल आलं की पोटात गोळा येतो त्यांनी तरी पूर्ण वाचा.

आधी काकूंची परिस्थिती सांगते म्हणजे कळेल. काका-काकू दोघंच, दोघांचंही वय झालेलं, कमाई म्हणाल तर काकांची छोटी पेन्शन आणि काकूंचं शिवणकाम. महिन्याला १६५ युनिटच्या आसपास बिल यायचं, आणि दोन खोल्यांच्या घरात, जिथे एसी नाही, वॉशिंग मशीन नाही, तिथे १६५ युनिट कसे होतात हे कुणालाच कळत नव्हतं. काकूंनी स्वतःचा उपाय काढलेला, दुपारी पंखा बंद. भर उन्हाळ्यात. मी एकदा शिवायला टाकलेला ब्लाउज आणायला गेले तर काकू अंधारात बसून हात-शिलाई करत होत्या, ट्यूब बंद, पंखा बंद, घामाने पदर ओला झालेला, आणि मला म्हणाल्या, "अगं तेवढंच बिल कमी येईल." आणि पुढचं बिल आलं तर ते कमी झालंच नव्हतं, उलट चार युनिट जास्त. त्या दिवशी त्यांचा चेहरा बघवत नव्हता. म्हणत होत्या, मीटरच फास्ट आहे, नाहीतर आपल्याच हातून काहीतरी चुकतंय.

मग मी फोन केला. फोन लागायला तीन दिवस गेले, लागल्यावर त्यांनी विचारलं की बिल कुणाच्या नावावर आहे. घर भाड्याचं, बिल मालकाच्या नावावर, झालं, पहिल्यांदा नकारच आला. दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा दुसऱ्याच कुणीतरी उचलला आणि सांगितलं की भाडेकरूंनाही चालतं, भाडेकरार आणि गेल्या काही महिन्यांच्या बिलांच्या पावत्या दाखवा. म्हणजे नियम एकच, पण फोनवर कोण आहे त्यावर उत्तर बदलतं. पहिल्या नकारावर किती जण फोन ठेवून देत असतील, आणि ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तेच ठेवून देत असतील, हा विचार करून मला खरंच वाईट वाटलं. त्यानंतर सहा आठवडे वाट बघायला लागली. एक स्टार इथेच गेला.

पण ज्या ताई आल्या, त्यांच्याबद्दल मी काय लिहू! दारातच चपला काढल्या, आत येऊन जमिनीवर काकूंच्या शेजारी बसल्या, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, "काकू, हे बिल आजवर कुणी तुम्हाला वाचून दाखवलंय का?" काकू नुसत्या बघत राहिल्या. इतक्या वर्षांत कुणीच नाही. आकडा बघायचा, तारीख बघायची, भरायचं, एवढंच.

ताईंनी बिल उलगडून मांडीवर घेतलं आणि पेनाने गोल करत करत एकेक ओळ सांगितली. स्थिर आकार म्हणजे तुम्ही महिनाभर एक दिवाही लावला नाही तरी लागणारच ती रक्कम, ती तुमच्या हातात नाही, तिचा विचार सोडा. वीज आकार म्हणजे वापरलेल्या युनिटचे पैसे, तो हातात आहे. मग टप्पे समजावले. काकूंना वाटायचं की १०० च्या वर एक जरी युनिट गेलं की सगळ्याच युनिटला महागडा दर लागतो, म्हणून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्या जीव मुठीत धरून राहायच्या. काकूंच्या बिलात तसं नव्हतंच, महाग दर फक्त वरच्या युनिटला लागत होता, खालच्यांना खालचाच. ताई म्हणाल्या, प्रत्येक ठिकाणचा हिशोब तपासून घ्यावा, पण तुमच्याकडे तरी हे असं आहे. मला स्वतःला हे माहीत नव्हतं, मी शिकलेली बाई, मलाही नव्हतं!

आणि मग त्या एका ओळीवर थांबल्या. रीडिंगच्या रकान्यात चार महिने "सरासरी" लिहिलेलं. म्हणजे चार महिने कुणी मीटर बघितलाच नव्हता, मागच्या वापरावरून अंदाजे युनिट टाकून बिल पाठवलेलं, आणि ते अंदाज खऱ्यापेक्षा जास्त होते. (पुरवठा कंपनीचं नाव लिहीत नाही.) थकबाकीचा जो डोंगर काकूंच्या छातीवर बसला होता त्यातला एक भाग म्हणजे न वापरलेल्या विजेचे पैसे होते. ताईंनी लगेच मीटरचा फोटो काढला, आकडा आणि मीटर नंबर दोन्ही दिसतील असा, तारीख टाकली, आणि अर्ज लिहायला घेतला. एक गोष्ट त्यांनी आवर्जून सांगितली ती सगळ्यांसाठी इथे लिहिते, बिलावर वाद असला तरी भरणं पूर्ण थांबवू नका, वाद मिटेपर्यंत किती भरलं तर लाइट कापत नाहीत ते ऑफिसात विचारून तेवढं भरा, पावती जपून ठेवा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसली तर अर्ज दिलाच नाही असं होतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसले ती सांगते.

ताई म्हणाल्या, घरातलं सगळं बंद करा. सगळं म्हणजे सगळं, फ्रिजची पिनसुद्धा काढा, फक्त मेन स्विच चालू ठेवा. केलं. घर एकदम शांत झालं, फ्रिजचा आवाज बंद झाल्यावर कळतं की तो किती असतो. मग त्या आम्हाला जिन्याखाली मीटरपाशी घेऊन गेल्या. मीटरवर एक छोटा लाल दिवा असतो, तो लुकलुकतो, त्याच्या शेजारी बारीक अक्षरात ३२०० असं काहीतरी लिहिलेलं असतं. मी इतकी वर्षं मीटर बघतेय, ते कधी वाचलंच नव्हतं. त्याचा अर्थ असा की हा दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडतं. आकडा मीटरप्रमाणे वेगळा असू शकतो, आपापल्या मीटरवर बघायचा. घरात सगळं बंद असेल तर दिव्याने गप्प राहायला हवं.

तो लुकलुकला.

आम्ही तिघी बघत राहिलो. ताईंनी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. २८ सेकंदांनी परत. परत २८ सेकंदांनी. त्यांनी तिथेच हिशोब केला, एका लुकलुकण्याला एका युनिटचा ३२०० वा भाग, दर २८ सेकंदाला एकदा म्हणजे जवळपास ४० वॅट. घरात एक वायर चालू नाही आणि ४० वॅट कुठेतरी जाताहेत. काकू घाबरल्या, शॉर्ट आहे का म्हणाल्या, ताई म्हणाल्या थांबा, आणि त्यांनी मान वर करून जिन्याकडे बघितलं. जिन्यातला पिवळा बल्ब जळत होता, भर दुपारी. तो दिवसरात्र चालूच असतो, त्याचं बटण कुठे आहे हेच कुणाला माहीत नव्हतं, शेवटी पहिल्या मजल्याच्या कोपऱ्यात रंगाखाली दबलेलं एक जुनं बटण सापडलं. ताईंनी मला तिथे उभं केलं, स्वतः मीटरपाशी गेल्या, मी बटण दाबलं. बल्ब विझला आणि खालून ताईंचा आवाज आला, "थांबला!"

जिन्याचा बल्ब काकूंच्या मीटरवर जोडलेला होता. कधी, कुणी, माहीत नाही. ४० वॅट गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस, जवळपास २९ युनिट. दर महिन्याला २९ युनिट काकूंनी सगळ्या बिल्डिंगच्या जिन्याला उजेड दिला, आणि स्वतः अंधारात बसून शिवलं. मला रडूच आलं खरं तर. काकू मात्र रडल्या नाहीत, जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी उधळी नव्हते."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. कमी पैशात घर चालवणाऱ्या माणसाला बिल जास्त आलं की सगळे एकच गोष्ट सांगतात, जपून वापरा, आणि माणूस जपतो, जिथे हात पोचतो तिथे जपतो, पंखा बंद करतो, दिवा बंद करतो, मोबाइलचा चार्जर काढून ठेवतो. पण कशात किती जातं हे कुणी मोजून दाखवलेलंच नसतं, त्यामुळे जीव काढून जपलेलं असतं पाव युनिट आणि शेजारून अख्खं युनिट वाहून जात असतं. या सेवेने काकूंना मोजून दाखवलं, आणि त्यांच्या मनावरचा आरोप काढून टाकला. पैशाच्या मदतीइतकीच ही मदत मोठी आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

परत घरात आलो आणि ताईंनी पिशवीतून ते छोटं यंत्र काढलं, भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचं आणि त्यात उपकरणाची पिन घालायची, स्क्रीनवर वॅट दिसतात. चार्जर लावला, मोबाइल न जोडता, आकडा शून्यच दाखवत होता, इतकं कमी. मोबाइल जोडून महिनाभर रोज चार्ज केला तरी साधारण अर्ध्या युनिटच्या आसपासच जातं. तरीही त्यांच्याच संस्थेच्या छापील पत्रकात पहिली सूचना काय तर "चार्जर काढून ठेवा". ताईंना विचारलं तर म्हणाल्या, हो, ते पत्रक जुनं आहे, बदलायला सांगितलंय. बदला लवकर, कारण लोक पहिलीच सूचना पाळतात आणि बाकीचं वाचत नाहीत.

सेटटॉप बॉक्स लावला तेव्हा मात्र आश्चर्य वाटलं. चालू असताना १४ वॅट. रिमोटने बंद केल्यावर १३. म्हणजे लाल दिवा लागला की आपण समजतो बंद झाला, तो बंद होतच नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्येच मांडलं होतं की बंद अवस्थेतल्या उपकरणाने १ वॅटच्या आत राहावं, नंतर बऱ्याच देशांत तसे नियमही आले आणि टीव्ही वगैरे खूप सुधारले, पण हा जुना डबा काही त्या नियमातला दिसला नाही. टीव्ही आणि डबा दोन्हीसाठी त्यांनी स्विचवाला एक्स्टेंशन बोर्ड फुकट दिला, बघून झालं की बटण बंद. सात-एक युनिट महिन्याला सुटले, काही गैरसोय नाही.

पाणी तापवायचा रॉड. इथे ताई सगळ्यात गंभीर झाल्या. १५०० वॅटचा रॉड, काकू सकाळी बादलीत टाकायच्या आणि बाकीच्या कामाला लागायच्या, चाळीस मिनिटांनी आठवण यायची. चाळीस मिनिटं म्हणजे बरोबर एक युनिट. पाणी इतकं कढत व्हायचं की निम्मं गार पाणी मिसळून आंघोळ व्हायची आणि उरलेलं तसंच निवून जायचं. ताईंनी वहीवर मांडलं, १५ लिटर पाणी २५ अंशांनी गरम करायला ०.४४ युनिट लागतं, कुठल्याही यंत्राने करा, पाण्याला तेवढी उष्णता लागणारच, रॉडला त्यासाठी १७-१८ मिनिटं पुरतात. म्हणून त्यांनी वीस मिनिटांचा गजर लावायला सांगितला आणि बादलीवर झाकण ठेवायला. रोजचं अर्धं युनिट वाचलं. आणि पुढचा हिशोब ऐका, तेच अर्धं युनिट म्हणजे काकूंचा ७५ वॅटचा पंखा साडेसहा तास. ज्या पंख्यासाठी त्या दुपारभर तळमळत होत्या तो पंखा रॉडच्या विसरलेल्या वीस मिनिटांत आरामात बसत होता.

ताई स्पष्ट म्हणाल्या, "काकू, पंखा बंद करायचा नाही. उन्हाळ्यात या वयात उष्माघात झाला तर कुठल्या बिलात बसवणार आहात?" मला त्यांचं हे सगळ्यात आवडलं, वाचवायला आलेली बाई काय वाचवायचं नाही तेही सांगते.

(रॉडबद्दल अजून एक, बचतीचं नाही, जिवाचं. चालू रॉड असताना पाण्यात बोट घालून बघायचं नाही, आधी बटण बंद, मग पिन काढायची, मगच हात. काकू रोज बोट घालून बघायच्या. ताईंनी सॉकेटचं अर्थिंगही तपासलं, ते ढिलं निघालं.)

फ्रिजचं ताईंच्या दीड तासाच्या भेटीत कळत नाही कारण कॉम्प्रेसर चालू-बंद होत असतो, त्यामुळे यंत्र चोवीस तास लावून ठेवायला लागतं, ते त्या ठेवून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या. १.९ युनिट दिवसाला. महिन्याचे ५७, म्हणजे घरातला सगळ्यात मोठा खाणारा हाच. मग कागदाची पट्टी घेतली, फ्रिजच्या दारात धरून दार लावलं आणि ओढली, वरच्या बाजूला घट्ट बसली, खालच्या कोपऱ्यात मात्र लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. तिथलं रबर गेलेलं, गार हवा सतत बाहेर. मागची जाळी धुळीने भरलेली, आणि फ्रिज भिंतीला अगदी चिकटवलेला. जाळी ब्रशने साफ केली, फ्रिज वीतभर पुढे ओढला, रबर संस्थेतर्फे नवीन बसवून दिलं. नंतर मोजलं तर दीड युनिट. फरक पडला, पण खरं सांगायचं तर या फ्रिजची वेळ झालीये, त्याच आकाराचा आजचा चांगल्या रेटिंगचा फ्रिज दिवसाला अर्ध्या ते पाऊण युनिटवर चालतो. संस्थेची फ्रिज बदलून द्यायची योजना आहे पण तिची यादी इतकी लांब की काकूंचा नंबर कधी लागेल सांगता येत नाही. मुळात जे सर्वात जास्त वाचवतं तेच सर्वात शेवटी मिळतं, हे बरोबर नाही.

दिवे बदलले, दोन जुने ६० वॅटचे काढून ९ वॅटचे एलईडी, उजेड जवळपास तेवढाच, दहा-अकरा युनिट सुटले. यात काही विशेष नाही, हे आता सगळ्यांनाच माहीत आहे, पण गरीब घरात जुना बल्ब उडेपर्यंत कुणी बदलत नाही हेही खरंय. पंखा मात्र बदलून मिळाला नाही. नवीन बीएलडीसी पंखे (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) तीसेक वॅटवर चालतात, निम्म्याहून कमी, आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरी पंखा हेच सगळ्यात जास्त वेळ चालणारं यंत्र असतं. संस्थेने यादीत पंखा टाकावा ही माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. जुन्या पद्धतीचा मोठा रेग्युलेटर असेल तर एवढं तरी कळून घ्या की पंखा हळू केला म्हणून वीज तेवढी कमी होत नाही, बरीचशी त्या डब्यात उष्णता होऊन जाते, हात लावला की गरम लागतो तो त्यामुळेच.

आता पैशाच्या मदतीकडे. थकबाकीचे हप्ते पाडून मिळाले, ताई स्वतः सोबत ऑफिसात आल्या होत्या, एकट्या काकूंना खिडकीवरूनच परत पाठवलं असतं हे मी लिहून देते. चार महिन्यांच्या सरासरी बिलाची दुरुस्ती व्हायला दोन महिने लागले आणि तीन चकरा, पण झाली, जास्तीचे युनिट वजा होऊन आले. एकरकमी मदतीचा फॉर्म भरला तोही मंजूर झाला. त्या फॉर्मबद्दल मात्र तक्रार आहेच. उत्पन्नाचा दाखला मागतात, आणि शिवणकाम करणाऱ्या बाईने उत्पन्नाचा दाखला कुठून आणायचा? दर महिन्याला वेगळं येतं, कधी येतच नाही. शेवटी स्वतःच्या सहीचं घोषणापत्र चालतं असं कळलं, पण ते फॉर्मवर कुठेच लिहिलेलं नाही, ताईंना माहीत होतं म्हणून. आणि भेटीच्या वेळा सगळ्या सकाळी दहा ते पाच, रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाने एक दिवसाची मजुरी बुडवून तपासणीला घरी थांबायचं का? संध्याकाळची किंवा रविवारची भेट ठेवायलाच पाहिजे. मेसेज येतात तेही ऑफिसच्या भाषेत, "आपल्या अर्जाची स्थिती प्रलंबित" असला मेसेज वाचून काकूंना वाटलं अर्ज फेटाळला, रात्रभर झोपल्या नाहीत.

हे काम जगात नवीन नाहीये हेही मला नंतर वाचताना कळलं. अमेरिकेत १९७६ मध्ये कमी उत्पन्नाच्या घरांमधली ऊर्जेची गळती बुजवून देणारी केंद्र सरकारची योजना आली आणि १९८१ मध्ये थेट बिलाला मदत करणारी दुसरी. ब्रिटनमध्ये ब्रेंडा बोर्डमन या अभ्यासक बाईंनी १९९१ मध्ये मांडलं की घर उबदार ठेवण्यासकट घरातल्या गरजेपुरत्या ऊर्जेवर उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून जास्त खर्च करावा लागत असेल तर ते घर ऊर्जेच्या बाबतीत गरीब समजावं. आणि जर्मनीत कॅरिटास संस्था २००८ पासून अशीच मोफत तपासणी करते, तिथे घरी येणारी माणसं बऱ्याचदा स्वतः पूर्वी दीर्घकाळ बेकार असलेली, प्रशिक्षण घेऊन हे काम करणारी असतात. हे वाचल्यावर मला ताईंची एक गोष्ट आठवली. त्यांना विचारलं होतं की तुम्ही या कामात कशा आलात, तर म्हणाल्या, माझ्या घरची लाइट एकदा कापली होती, मुलाची परीक्षा चालू होती, तेव्हा कुणी येऊन असं शेजारी बसलं नव्हतं. म्हणूनच त्या खुर्ची नाकारून जमिनीवर बसल्या असणार.

जिन्याच्या बल्बचं काय झालं ते राहिलं. इथे सेवेचा हात थांबतो, कारण वायरिंग मालकाचं, त्यांना हात लावायची परवानगी नाही, त्या फक्त लेखी अहवाल देऊ शकतात. अहवाल चांगला दिला, फोटो, सेकंद, वॅट, सगळं मांडून. मालक आधी म्हणाले असं होऊच शकत नाही, मग म्हणाले बघतो, तीन आठवडे बघत राहिले. तोवर आम्ही बटणच बंद ठेवलं आणि जिन्यात रात्री मोबाइलची बॅटरी लावून चढलो, सगळ्या भाडेकरूंनी साथ दिली, एकानेही कुरकुर केली नाही. शेवटी इलेक्ट्रिशियन आला, लाइन कॉमन मीटरवर टाकली, आणि त्यानेच सांगितलं की हे आधी दोन बिल्डिंगमध्ये पाहिलंय. मागच्या वर्षांच्या युनिटचे पैसे मालकांकडून मिळालेले नाहीत, ते मागायला कुठे जायचं याबद्दल सेवेकडे काही मार्ग नाही, आणि हा मोठा उणेपणा आहे. भाडेकरूच्या बाजूने मालकाशी बोलणारं कुणीतरी त्यांच्याकडे असायला हवं.

तिसऱ्या महिन्याचं बिल १०२ युनिट आलं. दुपारचा पंखा रोज चालू ठेवून. काकूंनी कॅलेंडरवर दर एक तारखेला रीडिंग लिहायला सुरुवात केलीये, चष्मा लावून जिन्याखाली जातात, आकडा पुटपुटत वर येतात आणि विसरायच्या आत लिहून टाकतात. परवा समोरच्या खोलीतल्या वहिनींना घेऊन गेल्या होत्या मीटरपाशी, सगळं बंद करायला लावून. वहिनींचा दिवा गप्प होता, पण त्यांच्या बिलावरही दोन महिने "सरासरी" निघालं, त्यांचा अर्ज काकूंनीच सांगून लिहून घेतला, पोच घ्यायला विसरू नकोस असं दोनदा बजावलं.

ज्यांना ही किंवा अशी कुठलीही सेवा घ्यायचीये त्यांनी मागचं वर्षभराचं बिल, भाडेकरार आणि मीटरचा तारखेसकट फोटो आधीच काढून ठेवा, आणि पहिला नकार आला तर दुसऱ्या दिवशी परत फोन करा. सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या केला तर लागतो, अकरानंतर लाइन लागतच नाही.